पडवळाला पन्नास ग्रॅम

विद्याधर पाटणकर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले ते साठाव्या वर्षी, आणि ते खोटंही जेमतेम एका शब्दाचं होतं. तो शब्द म्हणजे "शेती".

त्याचं असं झालं. त्यांच्या मुलीनं, इरावतीनं, ऑफिसातल्या प्रीतम राऊळशी लग्न ठरवलं, आणि मार्चच्या एका रविवारी मुलुंडचे पाटणकर जोगेश्वरीच्या राऊळांकडे पहिल्यांदा गेले. दोन्हीकडची माणसं चांगली होती. प्रश्न एवढाच होता, की बोलायचं काय? प्रीतमचे वडील दत्ताराम मूळचे कुडाळकडचे. सोळाव्या वर्षी गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात लेथ मशीनवर उभे राहिले ते थेट निवृत्त होईपर्यंत. मशीनपुढे बोलायची गरज पडत नाही, त्यामुळे ती सवयच गेलेली. पोहे झाले, चहा झाला, उकाड्याबद्दल बोलून झालं, दोन्ही घरांच्या पाण्याच्या वेळा एकमेकांना सांगून झाल्या. मग जी शांतता पसरली ती काही केल्या उठेना. इरावती प्रीतमकडे बघत होती आणि प्रीतम पंख्याकडे.

शेवटी दत्तारामांनीच घसा खाकरून विचारलं, "रिटायर झाल्यावर काय करता?"

याचं खरं उत्तर, सकाळी फिरतो, दुपारी झोपतो आणि संध्याकाळी बायको सांगेल ते आणतो, असं होतं. पण होणाऱ्या व्याह्यांपुढे हे कसं सांगणार? विद्याधररावांच्या तोंडून निघून गेलं, "शेती."

अगदीच निराधार नव्हतं ते. त्यांच्या पत्नी जयंतीबाईंना माहेरून, मुरबाडच्या पुढे, अकरा गुंठे जमीन आलेली होती. तिच्यात आजवर गवताखेरीज काही उगवलं नव्हतं आणि तेही स्वतःच्या जबाबदारीवर. पण त्या एका शब्दानं दत्तारामांचा चेहरा असा उजळला, की बघत राहावं.

"शेती? काय लावता?"

"भाजीपाला."

"पडवळ आसा?"

"आहे ना," विद्याधरराव म्हणाले. एक खोटं बोलल्यावर दुसरं किती सहज येतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

पुढचा पाऊण तास दत्ताराम बोलत होते. उन्हाळ्यातली वायंगणी शेती, विहिरीचं शिंपणं, परसातला वेलांचा मांडव आणि त्या मांडवाखाली बसून भाजी निवडणारी त्यांची आई. वनमालाबाई रिकामे कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या. आपला नवरा एवढं बोलू शकतो, हे त्यांना पस्तीस वर्षांच्या संसारात कळलेलं नव्हतं. निघताना विद्याधरराव इतके भारावले, की त्यांनी दत्तारामांचे दोन्ही हात धरून जाहीर करून टाकलं, "मे अखेरीस व्याहीभोजन आमच्या शेतावर! आणि भाजी सगळी माझ्या हातची!"

"बाबा, कसली शेती यार?" रिक्षात बसल्याबसल्या इरावतीनं डोक्याला हात लावला. "तुम्ही मेथी आणायला जाता आणि शेपू घेऊन येता."

"आणि शेत कुणाचं?" जयंतीबाई म्हणाल्या. "सातबारावर नाव माझं आहे."

विद्याधरराव रिक्षाचं मीटर बघायला लागले. थोड्या वेळानं इरावतीच हळू आवाजात म्हणाली, "बाबा, प्रीतमचे बाबा माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. प्रीतमशीसुद्धा नाही. आता बोललेच आहात ना, तर निभावून न्या. त्यांना फसवल्यासारखं वाटायला नको."

हे शेवटचं वाक्य विद्याधररावांना फार लागलं. कारण त्यांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली होती. दुकानदाराचा काटा दहा ग्रॅमनं कमी दाखवतो म्हटल्यावर त्यांची भूक मरत असे. मुलुंडच्या भाजीबाजारात ते नुसते पिशवी हातात घेऊन शिरले तरी भाजीवाल्या न सांगता दोन मिरच्या जास्त टाकत, आणि ते त्या परत काढून ठेवत. निरोपसमारंभाला सहकाऱ्यांनी त्यांना पितळी वजनांचा संच दिला होता. एक किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत, मखमली पेटीत, प्रत्येकावर शिक्का. ती पेटी दिवाणखान्यात, लोक जिथे देवादिकांच्या मूर्ती ठेवतात तिथे, ठेवलेली होती. असा माणूस व्याह्यांना खोटं माप कसं देणार? तेव्हा खोटं बोललेलं खरं करून दाखवायचं, एवढाच मार्ग उरला. हातात दहा आठवडे होते.

पुढच्याच शनिवारी विद्याधरराव नवी कुदळ, नवी टोपी आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेली चौदा पानं घेऊन गावात पोचले. त्यांनी कुदळ उचलली, एक घाव घातला, दुसऱ्यासाठी वर नेली, तेवढ्यात बांधावरून आरोळी आली.

"अवो जावईबापू! हे काय करताय?"

या रुक्मिणीकाकू. जयंतीबाईंच्या सख्ख्या चुलती, वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीतला. त्यांनी धावत येऊन कुदळ अक्षरशः हिसकावून घेतली.

"गावचा जावई उन्हात माती खणतोय, हे लोकांनी बघितलं तर आम्हाला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"काकू, मला हौस आहे."

"हौस असली तर हुरडा खा, आंबे खा. कुदळ कसली धरताय? चला, आधी जेवून घ्या."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शहरातला जावई हा फक्त सासूसासऱ्यांचा जावई असतो. गावातला जावई सगळ्या गावाचा असतो. जयंतीबाईंचं माहेर एकशेदहा उंबऱ्यांचं, म्हणजे विद्याधरराव एकशेदहा घरांचे जावई होते, आणि त्या एकशेदहा घरांपैकी एकही घर त्यांना काम करू द्यायला तयार नव्हतं. त्या दिवशी ते चार घरी जेवले. संध्याकाळी शेतावर जाऊन बघतात, तर चार पोरांनी सगळी जमीन उकरून, वाफे पाडून, मांडवाचे बांबूसुद्धा रोवून ठेवलेले. कुदळ काकूंनी जप्त केली होती. ती त्यांच्या धान्याच्या कणगीमागे ठेवल्याचं नंतर कळलं.

"पण मी शब्द दिलाय, माझ्या हातची भाजी म्हणून!" विद्याधरराव कळवळून म्हणाले.

"मग तुम्ही हात लावा की," काकू म्हणाल्या आणि त्यांनी बियांची पुडी पुढे केली. विद्याधररावांनी पुडीला हात लावला. पेरलं काकूंनी.

बी पेरलं, पण पाणी कुठाय? पंचायतीच्या नळाचं पाणी शेताला हवं असेल तर अर्ज करावा लागतो. विद्याधररावांनी अर्ज लिहिला. सरकारी नोकरीतले असल्यामुळे तो इतका निर्दोष लिहिला, की कुणी त्यात काही काढू शकेल असं त्यांना वाटेना. कार्यालयातल्या बाईंनी तो तीन सेकंदांत परत केला.

"मालक कोण?"

"जयंती विद्याधर पाटणकर."

"सातबारावर जयंती शिवदास दळवी आहे."

"त्या एकच. लग्नानंतर नाव बदललं."

"ते तुम्ही म्हणता. दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. आणि तुम्ही कोण?"

विद्याधररावांनी "प्रथम वर्ग अधिकारी, निवृत्त" असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बाईंनी तोवर रकान्यात लिहूनही टाकलं होतं, 'अर्जदाराचा नवरा'. तीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवणाऱ्या माणसाला आपला अर्ज परत येताना हातात कसा लागतो, ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोनदा मुरबाड, एकदा कल्याण, असं करून प्रतिज्ञापत्र झालं. बत्तीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं ती बाई तीच आहे, असं त्यांनी शपथेवर लिहून दिलं. सही करताना जयंतीबाई म्हणाल्या, "दळवींची जयंती आणि मी एकच का, याची मलासुद्धा कधीकधी शंका येते." आणि मग सबंध परतीच्या वाटेवर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. विद्याधररावांना कुठेतरी चुकल्यासारखं वाटलं, पण नक्की कुठे, ते समजलं नाही. त्यांनी वाटेत थांबून बायकोला उसाचा रस पाजला.

पाणी आलं. आता खत. विद्याधररावांच्या खालच्या मजल्यावर मृणालिनीताई राहत. त्यांच्या खिडकीत अकरा कुंड्या होत्या आणि त्या जोरावर त्या शेतीविषयी कुणालाही सल्ला देत. "जीवामृत करा," त्या म्हणाल्या. "शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती. ड्रममध्ये कालवून आठवडाभर ठेवायचं. रोज दोनदा ढवळायचं."

हे गावात करणं अशक्य होतं. जावयानं शेणात हात घातला असता तर काकूंनी तिथेच अंग टाकलं असतं. तेव्हा विद्याधररावांनी शेण गावाहून मुलुंडला आणलं. शेण खेड्यातून शहरात नेणारा माणूस त्या रस्त्यावर बहुधा पहिलाच असावा, कारण नाक्यावरच्या पोलिसानं डबा उघडायला लावला आणि उघडल्यावर स्वतःच झाकण लावलं. ड्रम बाल्कनीत बसला. पहिले दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी एप्रिलचं ऊन त्यावर आलं आणि ड्रमनं आपलं अस्तित्व सगळ्या विंगला जाणवून दिलं. पाचव्या दिवशी सोसायटीची नोटीस आली, 'सदस्य क्रमांक चौदा यांच्या बाल्कनीतून येणाऱ्या वासाबाबत'. नोटिशीवर पहिली सही मृणालिनीताईंची होती.

"ताई, तुम्हीच सांगितलंत ना?" विद्याधरराव जिन्यात गाठून म्हणाले.

"मी शेतासाठी सांगितलं होतं. माझ्या डोक्यावर कालवायला कोण सांगेल हो?" असं म्हणून ताई नाकाला पदर लावून निघून गेल्या.

ड्रम गाडीतून गावाला गेला. कल्याणच्या पुढे एका खड्ड्यात त्याचं झाकण उडालं. त्याविषयी पाटणकरांच्या घरात आजही बोलत नाहीत, फक्त जयंतीबाई अजून गाडीत मागे बसत नाहीत.

आणि या सगळ्यावर दर रविवारी सकाळी दहा वाजता दत्तारामांचा फोन येई. पहिल्यांदा तो दोन मिनिटांचा असे, मग दहा, मग अर्धा तास. वनमालाबाईंनी इरावतीला सांगितलं, की काय विचारायचं ते हे शनिवारपासूनच ठरवतात.

"व्याहीबुवा, पडवळ केवढा झाला?"

"फुलं आली!" हे खरं होतं. बारा कोवळी पडवळंही धरली होती. बोटाएवढी, तीही वाकडी.

"धोंडो बांधलो काय?"

विद्याधररावांना हा शब्द कळला, पण त्यामागचं शास्त्र कळलं नाही. तरी ते म्हणाले, "बांधला तर!" फोन ठेवल्यावर त्यांनी शोधाशोध केली. पडवळ वेलावर वेटोळं घेतं, ते सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. केवढा दगड, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. दत्तारामांना विचारावं तर आधीच बांधून झालेला. काकूंना विचारावं तर त्या लगेच चार पोरं पाठवतील. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच शेतातलं एक काम फक्त त्यांचं असं उरलं होतं, आणि तेही वजनाचं! या विषयात त्यांना कोण शिकवणार?

त्यांनी मखमली पेटी काढली. दगडाचं वजन कमीजास्त होणार, तो माणसाच्या अंदाजावर सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. संचातली लहान वजनं पुरेनात, तेव्हा साकीनाक्याला जुन्या ओळखीच्या कारखानदाराकडून लोखंडी नट आणले, प्रत्येक तोलून त्यावर रंगानं आकडा घातला. मग दुपारी, गाव झोपलेलं बघून, त्यांनी बारा पडवळांना सुतळीनं वजनं बांधली. जितकं जास्त वजन तितकं लवकर सरळ होणार, या हिशोबानं उत्तम पडवळाला दोनशे ग्रॅम, मध्यमांना शंभर, आणि मांडवाच्या कोपऱ्यात एक अगदीच मरतुकडं होतं त्याला, द्यायचं म्हणून, पितळी पन्नास ग्रॅम. मागे सरून त्यांनी मांडवाकडे पाहिलं. शिक्के उन्हात चमकत होते. इतकी शिस्तबद्ध भाजी महाराष्ट्रात दुसरी नसेल, असं त्यांना वाटलं.

पुढच्या शनिवारी मांडवाखाली अकरा पडवळं पडलेली होती. वजनं मात्र सगळी बरोबर भरली.

उरलंसुरलं एका म्हशीनं खाल्लं. उन्हाळ्यात पिकं निघाली, की गुरं मोकळी सोडायची गावाची रीतच आहे. भेंडी गेली, गवार गेली, वांग्यांची रोपं बुंध्यापर्यंत गेली. विद्याधररावांनी तक्रार केली. झालं, म्हशीचे मालक हात जोडून आले, त्यांच्या भावकीनं जावयाची माफी म्हणून पुरणपोळीचं जेवण घातलं, आणि ते जेवताना उरलेली कोथिंबीर शेळीनं खाल्ली. शेळीच्या मालकांनी दुसऱ्या दिवशी जेवण घातलं. दोन महिन्यांत त्या अकरा गुंठ्यांत एकच गोष्ट वाढली होती, ती म्हणजे जावई. वजनकाट्यावर ते साडेचार किलोंनी जास्त भरले, आणि तो काटा खोटा आहे म्हणायचीही सोय नव्हती.

आणि फोनवर? फोनवर बारा पडवळं लोंबत होती.

"केवढी झाली?"

"नऊ इंच."

पुढच्या रविवारी बारा. त्याच्या पुढच्या रविवारी पंधरा. विद्याधरराव प्रत्येक आकडा सांगताना डोळे मिटून घेत. तीस वर्षं ज्यांच्यावर खटले भरले त्या सगळ्या दुकानदारांचे चेहरे डोळ्यांपुढे येत. खरं सांगून टाकावं असं दर रविवारी ठरवत, पण तिकडून दत्तारामांचा इतका मोकळा आवाज येई, की जीभ मागे फिरे.

व्याहीभोजनाच्या आदल्या दिवशी ते एकटेच शेतावर गेले. मांडवावर निम्मी वाळलेली पानं आणि कोपऱ्यात ते एक पडवळ. मरतुकडं, अंगठ्याएवढं जाड, पण पन्नास ग्रॅमच्या जोरावर सरळ. मोजलं, सव्वाअकरा इंच. विद्याधरराव बांधावर बसले. काकू आल्या आणि, काय वाटलं कोण जाणे, त्यांनी सगळं काकूंना सांगून टाकलं. शेतीचं खोटं, फोनची खोटी मापं, इरावती काय म्हणाली ते.

"उद्या ते बघतील, काकू. पोरीच्या सासऱ्याला मी फसवलं, हे त्यांना कळेल."

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्ही निवांत घरी जा," त्या म्हणाल्या. "उद्या पाहुण्यांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला गाडी शेताशी थांबली. दत्ताराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. उतरतानाच त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. विद्याधररावांनी वाटेत मनाशी वाक्य जुळवलं होतं, 'व्याहीबुवा, मला तुम्हाला काही सांगायचंय.' ते तोंडाशी आलंही होतं. तेवढ्यात त्यांची नजर मांडवावर गेली आणि वाक्य तिथेच राहिलं.

मांडव लदलेला होता. दुधी होते, कारली होती, घोसाळी होती, काकड्या होत्या. म्हशीनं खाल्लेल्या वांग्यांच्या खुंटांवर टपोरी वांगी होती. वाफ्यात कोथिंबीर हारीनं उभी होती, जुड्याच्या जुड्या, प्रत्येक जुडीला केळीच्या सोपटाचा बांध. आणि पलीकडे रुक्मिणीकाकू, त्यांच्या सुना, म्हशीवाले, शेळीवाले, सगळे नवे कपडे घालून ओळीत उभे. पहाटेपासून खपले होते बिचारे. एकशेदहा घरांनी आपापल्या परसातलं आणून जावयाच्या वेलाला बांधलं होतं.

"अगो बाई!" वनमालाबाई म्हणाल्या. "केवढी भाजी!"

"जावईबापूंच्या हाताला गुण आहे," काकूंनी ठणकावून सांगितलं.

इरावतीनं बाबांच्या दंडाला धरलं आणि दातांतल्या दातांत विचारलं, "बाबा, पडवळाच्या वेलाला कारली?"

खरं बोलावं तर ही ओळीत उभी राहिलेली सगळी माणसं खोटी पडतात, आणि ती त्यांच्याच अब्रूसाठी खोटी वागली होती. गप्प बसावं तर ज्या माणसानं विश्वासानं चपला काढल्या तो फसतो. दोन्ही पारड्यांत माणसंच होती, आणि असला काटा त्यांनी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

दत्ताराम मांडवाखालून सावकाश चालले होते. दुधीला हात लावत, देठाशी बांधलेला दोरा बोटानं चाचपत, पुढे सरकत. कोपऱ्यात गेले आणि थांबले. खाली वाकून त्यांनी पितळी वजन हातात घेतलं, शिक्का वाचला. विद्याधरराव धावत त्यांच्याजवळ गेले आणि कुजबुजले, "व्याहीबुवा, एवढं एकच माझं. बाकी काहीच माझं नाही. फोनवर सांगितलं तेही सगळं खोटं. मला शेतीतलं ओ का ठो कळत नाही. माफ करा."

दत्ताराम वजनाकडेच बघत होते.

"माका म्हायत होता," ते म्हणाले.

"काय?"

"दर आयतवारी बरोब्बर तीन इंच! पडवळ आसा काय सरकारी नोकर, टायमार इन्क्रिमेंट घेवक?"

"मग तुम्ही फोन का करत होता?"

दत्तारामांनी मान वर केली. त्यांचे डोळे पाणावले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "पन्नास वर्सां मुंबयत काढली. शेतीचा बोलणा, शेतीची गजाल माझ्याकडे कोण करता? खोटी तर खोटी, पण तुमी माझ्यासाठी करत होतात." मग त्यांनी काकूंच्या दिशेनं डोळ्यानं खूण केली. "म्हातारेक काय बोलू नकात. मेल्यांनी काय सुंदर बांधल्यानी!"

आणि मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "झकास! असो मळो मी कुडाळाक पण नाय बघलंय!"

काकूंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, त्याला तोलायला वजन नव्हतं.

दुपारी पंगत बसली. एकोणीस पानं. सव्वाअकरा इंची पडवळाची चणाडाळ घालून भाजी झाली, ती प्रत्येकाच्या पानात चमचाभर पडली. विद्याधररावांनी स्वतः वाढली, आणि वाढताना नजरेनं मापली. दत्तारामांनी बाकीच्या सात भाज्यांना हात लावण्याआधी तो चमचा संपवला आणि सावकाश मान हलवली.

जेवणानंतर गाव आडवं झालं. घोरणं सुरू झाल्यावर दत्तारामांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "आयेच्या वेलाचा बियाणा. भावान गावाक टिकवून ठेवल्यान. कुदळ खंय आसा?"

"काकूंच्या कणगीमागे."

दोघे सासरे चवड्यांवर चालत गेले, कुदळ काढली आणि रणरणत्या उन्हात मांडवाशी येऊन बसले. दत्ताराम आळी खणत, विद्याधरराव बी टोचत. किती खोल, ते दत्ताराम बोटाच्या पेरानं दाखवत होते, आणि आज पहिल्यांदा विद्याधररावांनी मोजपट्टी मागितली नाही. सातवं आळं झालं तेव्हा बांधावरून आरोळी आली.

"जावईबापू! व्याह्यांच्या हातात कुदळ? अवो, गावाचं नाव कुठं ठेवलंत?"

दोघेही शाळकरी पोरांसारखे उभे राहिले. शिक्षा म्हणून दोघांना आणखी तीन घरी चहा आणि एका घरी खरवस खावा लागला.

नंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला फोन वाजला. विद्याधरराव आदल्या दिवशी शेतावर जाऊन आले होते. गुडघे टेकून, चष्मा लावून, जमिनीशी नाक नेऊन त्यांनी बघितलं होतं.

"केवढा झाला?" दत्तारामांनी विचारलं.

जयंतीबाई आणि इरावती कामं टाकून ऐकत उभ्या राहिल्या.

"सात आळ्यांतलं एकच उगवलंय," विद्याधरराव म्हणाले. "त्याला दोन पानं."

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला.

"दोनच?"

"दोनच. त्यातलं एक किडकं आहे."

"किडका धरून दोन?"

"किडकं धरून."

"मगे खरी शेती आसा," दत्ताराम म्हणाले, आणि पुढचा एक तास दोघे त्या एका किडक्या पानावर बोलत होते.